५ बाय ७ च्या बाथरूमला ६ इंची एक्झॉस्ट पुरेल का ८ इंची घेऊ? दुकानदार मोठाच घ्या म्हणतोय

६ इंची पुरतो हो, दुकानदाराचं काय जातंय मोठा घ्या म्हणायला.

हिशोब सोपा आहे. तुमचं बाथरूम ५ बाय ७, उंची ९ फूट धरली तर ३१५ घनफूट हवा झाली, ती तासाला १० वेळा तरी बदलायला हवी म्हणजे ३१५० घनफूट. डब्यावर आकडा घनमीटरमध्ये असतो म्हणून ३५ ने भागा, साधारण ९० येतात. ६ इंचीच्या बहुतेक डब्यांवर दोनशेच्या आसपास किंवा वरच लिहिलेलं असतं. आता तो आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढे जाळी, शटर, कबुतरांसाठी लावलेलं नेट आणि बिल्डिंगचा तो कोंदट डक्ट आला की बराच कमी होतो, पण तरी पुरतं. वर माळा असेल तर बदलायची हवा आणखीच कमी.

खरी गोची वेगळीच असते, जी कोणी सांगत नाही. हवा बाहेर फेकायची तर तेवढीच आत यायला पण पाहिजे ना! आपल्याकडे दार खाली ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला टेकून घट्ट बसतं, खिडकी बंद, मग फॅन नुसताच घरघरतो आणि आरशावरची वाफ तशीच. फॅन चालू करून, दार लावून खालच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरून बघा, आत ओढली गेली पाहिजे. नाही गेली तर सुताराकडून दार खालून अर्धा-पाऊण इंच कापून घ्या किंवा खाली जाळी बसवा, ८ इंचीवर पैसे घालवण्यापेक्षा हे बरं. आणि फॅन ज्या लूव्हर्सच्या खिडकीत बसवणार त्याच्या शेजारच्या काचा उघड्या ठेवू नका, नाहीतर तो तिथलीच हवा ओढून तिथेच फेकत बसतो, आंघोळीच्या जागेवरची वाफ हलतच नाही.

बाथरूम मोठं असेल, ८ बाय १० वगैरे, किंवा वॉशिंग मशीन पण आतच असेल तर मात्र ८ इंची घ्या. बॉडी प्लास्टिकची बघा, पत्र्याची गंजते. बाय द वे गॅस गिझर आत असेल तर कितीही मोठा फॅन लावून भागणार नाही, तो आधी बाहेर काढा, तो जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो आणि वासही येत नाही.

इलेक्ट्रिशियनला सांगून स्विच लाइटपासून वेगळा घ्या, आंघोळ झाल्यावर लाइट बंद करून फॅन अजून १५-२० मिनिटं चालू ठेवायचा असतो.