चाचणीत पोल मधूनच -१ का देतो?

तुमच्या चाचणीत चार थ्रेड पोलवर (फाइल किंवा सॉकेटवर काही घडेपर्यंत थांबवणारा सिस्टम कॉल) थांबलेत, वेळमर्यादेसाठी अलार्म लावलाय आणि कधीतरीच, एरवी नाही, पोल -१ देतो आणि असर्ट (चाचणीतली तपासणी) फुटतो. एर्नो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) छापून बघा, ईआयएनटीआर (कॉल मध्येच तुटला) दिसेल. म्हणजे बिघाड काही नाही. कॉल थांबलेला असताना सिग्नल (कर्नलने प्रोसेसला दिलेली सूचना) आला, हँडलर (तो आल्यावर चालणारं फंक्शन) चालला आणि कॉल अर्ध्यातून परतला.

"कधीतरीच" का, तर अलार्मचा सिग्नल अख्ख्या प्रोसेसला येतो आणि ज्याने तो ब्लॉक केलेला नाही अशा कुठल्याही थ्रेडच्या गळ्यात कर्नल तो मारतो. हँडलर बसवताना एसए_रीस्टार्ट हा झेंडा (तुटलेला कॉल आपोआप पुन्हा सुरू करणारा फ्लॅग) लावा असं कुणी सांगेल. रीडला त्याने फरक पडतो, पण लिनक्सवर पोल, सिलेक्ट, ईपोल_वेट आणि नॅनोस्लीप हा झेंडा जुमानतच नाहीत.

मी असं करतो: मेनमध्ये थ्रेड बनवायच्या आधी पीथ्रेड_सिगमास्कने सिग अलार्म (अलार्मचा सिग्नल) ब्लॉक करायचा. नवे थ्रेड तोच मास्क (ब्लॉक केलेल्या सिग्नलांची यादी) घेऊन जन्मतात. मग एकच थ्रेड सिगवेटवर (सिग्नलची वाट पाहणारा कॉल) बसवायचा, सिग्नल त्याने सांभाळायचे.

तरीही पोलभोवती लूप हवाच, लायब्ररी कुठून सिग्नल आणेल सांगता येत नाही. फक्त पुन्हा बोलावताना तोच ५००० मिलिसेकंदांचा टाइमआउट देऊ नका. सुरुवातीला क्लॉक_मोनोटॉनिकवर (कधी मागे न जाणारं घड्याळ) अंतिम वेळ काढा आणि दरवेळी उरलेलाच वेळ द्या. नाहीतर दर सेकंदाला अलार्म येत राहिला तर पाच सेकंदांची चाचणी कधी संपणारच नाही. (यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवलीय.)

आणि क्लोजला मात्र हा लूप लावू नका. लिनक्सवर ईआयएनटीआर आला तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) बंद झालेला असतो. दुसऱ्यांदा बंद करायला जाल आणि तोवर तोच क्रमांक दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असेल, तर त्याची फाइल बंद पडेल.