बाप्तिस्मा पाण्याने होतो, मग त्यात अग्नीचा अर्थ काय?

आपण लिहिले आहे की, अंधेरीत एका सहकाऱ्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आपण गेला होता, तेथे बाळाच्या डोक्यावर पाणी ओतल्यानंतर एक मेणबत्ती पेटवून वडिलांच्या हाती देण्यात आली आणि प्रवचनात ‘अग्नीचा बाप्तिस्मा’ असे शब्द आले. हा अग्नी होमासारखा काही विधी आहे, की नरकाचा इशारा आहे, आणि पाण्याचा व अग्नीचा असे दोन बाप्तिस्मे असतात का, हा आपला प्रश्न आहे. मी मुंबईतल्या एका मराठी भाषक कॅथलिक समुदायात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या प्रौढांना धर्मशिक्षण देतो आणि हाच प्रश्न तेथेही वारंवार विचारला जातो.

होमात अग्नीला आहुती दिली जाते आणि तो ती देवतांपर्यंत पोहोचवतो, अशी श्रद्धा असते. बाप्तिस्म्यात अग्नीला काहीही अर्पण केले जात नाही. येथे अग्नी हे खुद्द देवाच्या सान्निध्याचे चिन्ह आहे, आणि माणसातले काय टिकणार व काय जळून जाणार, हे त्या सान्निध्यात ठरते.

हे शब्द मुळात यार्देन नदीवर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आहेत. मी पाण्याने बाप्तिस्मा करतो, पण माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने व अग्नीने करील, असे तो म्हणतो. हे वाक्य मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. मार्क व योहान यांच्या शुभवर्तमानांत केवळ पवित्र आत्म्याचा उल्लेख आहे, अग्नीचा नाही. त्यापुढचे चित्र खळ्यावरचे आहे: धान्य उपणले जाईल, गहू कोठारात जाईल आणि भूस न विझणाऱ्या अग्नीत जाळले जाईल. येथे न्यायाचा अर्थ आहे, हे नाकारण्यात काही हशील नाही. मात्र गहू आणि भूस एकाच कणसातून निघतात, याकडे मी नेहमी लक्ष वेधतो. लूकच्या शुभवर्तमानात लोक योहानाला ‘मग आम्ही काय करावे?’ असे विचारतात तेव्हा त्याची उत्तरे अगदी व्यवहारातली आहेत: दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये, शिपायाने कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नयेत. भूस म्हणजे काय, हे यावरून पुरेसे कळते.

पुढे मात्र योहानाच्या अपेक्षेप्रमाणे घडले नाही. तो तुरुंगात पडला, न्यायाची म्हणून त्याने सांगितलेली कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी पडली नाही, आणि ‘येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?’ असे त्याने शिष्यांकरवी येशूला विचारले. अग्नीचा ख्रिस्ती अर्थ समजून घ्यायचा असेल तर या प्रश्नापाशी थांबावे लागते. एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब व योहान या दोन शिष्यांनी आकाशातून अग्नी पाडून ते गाव भस्म करण्याची परवानगी मागितली, आणि येशूने त्यांनाच धमकावले. तोच येशू लूकच्या बाराव्या अध्यायात म्हणतो की, मी पृथ्वीवर आग टाकायला आलो आहे, आणि लगेच पुढे म्हणतो की, मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे व तो होईपर्यंत मी मोठ्या पेचात आहे. हा बाप्तिस्मा म्हणजे त्याचे दुःखसहन व मरण. इतरांवर पडेल असे वाटलेला अग्नी त्याने आधी स्वतःवर घेतला, असा मी याचा अर्थ लावतो. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात तर शोमरोनींवर हात ठेवून त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून प्रार्थना करायला जे दोघे जातात त्यांच्यात पेत्राबरोबर हाच शिष्य योहान आहे. ज्यांच्यावर त्याने एकदा आग मागितली होती, त्यांच्यासाठी तो दुसऱ्याच अग्नीची याचना करतो.

शुद्धीचा अर्थ जुन्या करारातून येतो. येणारा प्रभू धातू गाळणाऱ्याच्या अग्नीसारखा व परिटाच्या खारासारखा असेल, असे मलाखी संदेष्टा म्हणतो; धुणे आणि गाळणे ही दोन्ही एकाच वचनात आहेत, आणि बाप्तिस्म्यात पाणी व अग्नी एकत्र का येतात याचे मला हे सर्वांत नेमके उत्तर वाटते. पुढे तो म्हणतो की, चांदी गाळून शुद्ध करणारा बसेल. झवेरी बाजारातल्या गल्ल्यांत जुने दागिने गाळणारा कारागीर आपण पाहिला असेल, तर त्या बसण्याचा अर्थ लगेच लक्षात येईल. मूस भट्टीत लाल होते, तो तीत टाकणखाराची चिमूट टाकतो, मळ काचेसारख्या थराने वर येतो, आणि तेवढा वेळ तो जागचा हलत नाही, कारण सोन्यातला कणही त्याला वाया जाऊ द्यायचा नसतो. चांदीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत ती तापवली जाते, ही प्रवचनांत ऐकू येणारी गोष्ट मलाखीच्या वचनात नाही, आणि तिची गरजही नाही.

तिसरा अर्थ पेंटेकॉस्टचा. पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर अग्नीसारख्या जिभा उतरल्या आणि प्रत्येकावर एकेक स्थिरावली. होरेब पर्वतावर मोशेला दिसलेले झुडूप पेटले तरी भस्म झाले नाही, तसेच येथेही कोणी भाजले नाही. भ्यालेली माणसे बोलू लागली, एवढेच झाले आणि तेच मोठे होते.

आता मेणबत्तीविषयी. ती पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवली जाते आणि ‘ख्रिस्ताचा प्रकाश स्वीकारा’ असे म्हणून पालकांच्या व धर्ममातापित्यांच्या स्वाधीन केली जाते. ती मोठी मेणबत्ती कोठून येते, हे पाहण्यासाठी ईस्टरच्या आदल्या रात्री एखाद्या चर्चच्या आवारात जरूर यावे. सगळे दिवे मालवलेले असतात, आवारात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून ती मेणबत्ती पेटते आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला अशी सगळ्यांच्या हातांतली. आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने त्या विझतात, तेव्हा शेजारचा न सांगता आपली पुढे करतो. पुढे पाण्याला आशीर्वाद देताना पुरोहित तीच मेणबत्ती पाण्यात उतरवून पवित्र आत्म्याला पाचारण करतात. अग्नी आणि पाणी तेथे प्रत्यक्ष एकमेकांना भेटतात.

सर्व ख्रिस्ती मंडळ्या याबाबत एकमताच्या नाहीत. चौथ्या शतकातील संत बासिल यांनी अग्नीचा बाप्तिस्मा म्हणजे अंतिम न्यायाची कसोटी मानली. १८८२ साली मुंबईत उतरलेली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही ख्रिस्ती मंडळी पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही, पण तिच्या झेंड्यावर ‘रक्त व अग्नी’ हे शब्द आहेत. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले. एका मुलीवर आग दिसली म्हणून तिची सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली आणि मग ती खरोखर पेटलेली नाही हे तिला कळले, असे तेथील मिशनरी मिनी एब्रम्स यांनी नोंदवले आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्या अशा अनुभवाला पाण्याच्या बाप्तिस्म्यानंतरचा स्वतंत्र बाप्तिस्मा मानतात. त्यांची तळमळ मला मोलाची वाटते, तरी माझी श्रद्धा तशी नाही.

कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा एकच, इफिसकरांस पत्रात म्हटल्याप्रमाणे. पाणी व अग्नी ही त्याच एका कृपेची दोन चिन्हे आहेत. सहकाऱ्याची मुलगी मोठी झाली की तिला दृढीकरणाचा संस्कार मिळेल, तिच्या कपाळावर पवित्र तेल लावले जाईल, आणि त्या मिस्साला (उपासनेला) पुरोहितांचे झगे बहुधा लाल, म्हणजे अग्नीच्या रंगाचे, असतील. तो दुसरा बाप्तिस्मा नसेल. आपण पाहिलेल्या बाप्तिस्म्यालाच तेथे पूर्णता येईल.