वाचकांचे प्रश्न : हौशी चित्रकार आणि चित्रकारांचे मंडळ

प्रश्न : नोकरी सांभाळून मी गेली सहा वर्षे जलरंगांत चित्रे काढतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील चित्रकारांच्या मंडळाचा सभासद झालो. महिन्यातून दोनदा आम्ही एकत्र निसर्गचित्रण करतो आणि शेवटी सगळी चित्रे ओळीने मांडून पाहतो. मंडळात कलाशिक्षण घेतलेले, चित्रांवरच उपजीविका करणारे बरेच जण आहेत. माझ्या चित्रापाशी आले की ‘छान आहे’ म्हणून मंडळी पुढे सरकतात. आपण नुसते हौशी, हा सल मनातून जात नाही आणि वार्षिक प्रदर्शनाला चित्र देण्याचा धीर होत नाही. मंडळात राहावे, की घरीच एकट्याने सराव करावा?

उत्तर : मंडळ सोडू नका, मात्र ‘छान आहे’ एवढ्यावर मंडळींची सुटकाही होऊ देऊ नका.

आधी तुमच्या मनातल्या सलाविषयी. हौशी आणि व्यावसायिक यांनी एकत्र बसण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधील नॉर्विच येथे १८०३ साली चित्रकारांची एक प्रादेशिक संस्था स्थापन झाली आणि १८०५ पासून ती प्रदर्शने भरवू लागली. तिचे एक संस्थापक जॉन क्रोम हे चित्रकलेच्या शिकवण्या करून पोट भरत, तर पुढे त्याच परंपरेत गणले गेलेले थॉमस लाउंड हे मद्यनिर्मितीच्या धंद्यातले हौशी चित्रकार होते. पॅरिसमध्ये, पुढे नामवंत झालेले चित्रकार आंरी रूसो १८८६ पासून, परीक्षक मंडळच नसलेल्या एका प्रदर्शनात चित्रे मांडू लागले, तेव्हा ते जकात खात्यात नोकरीला होते आणि ती नोकरी त्यांनी १८९३ मध्ये सोडली. अर्थात रूसोंचे उदाहरण हौशी माणसाला इतक्या वेळा ऐकवले जाते की ते मला सांत्वनापेक्षा ओझेच वाटते. आपल्याला रूसो व्हायचे नाही. पुढच्या महिन्यातले आकाश या महिन्यातल्यापेक्षा बरे उतरले, तरी पुष्कळ झाले.

तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी मंडळातल्या व्यावसायिकांकडे क्वचितच असते. ज्याची चित्रे विकली जातात, त्याच्याकडे लोक पुन्हा तशीच चित्रे मागतात. तुमच्याकडे कोणी काहीच मागत नाही, त्यामुळे एकच झाड तुम्ही चाळीस वेळा रंगवू शकता आणि चाळीसही कागद बिघडवू शकता. ही मोकळीक न वापरता, शनिवारी मंडळात ‘दिसेल’ असे चित्र करण्याच्या धडपडीत बहुतेक हौशी चित्रकार आपला शनिवार घालवतात. मीही घालवले आहेत.

आता ‘छान आहे’विषयी. लोक असे म्हणतात ते दुष्टपणाने नव्हे. काय विचारले आहे तेच त्यांना ठाऊक नसते. म्हणून चित्र मांडताना प्रश्नही मांडा, आणि तो नेमका असू द्या. ‘कसे झाले?’ असे विचारू नका. ‘पाण्यातले झाड काठावरच्या झाडाइतकेच गडद झाले आहे का?’ असे विचारा. गडद वस्तूचे प्रतिबिंब सहसा मूळ वस्तूपेक्षा किंचित फिके दिसते आणि उजळ वस्तूचे किंचित गडद. हे ज्याला ठाऊक आहे तो तुमच्या चित्रापाशी थांबेल आणि बोटाने जागा दाखवील.

एकदा माझ्या चित्रातले आकाश अर्धवट वाळले होते, कागदावरची चमक नुकतीच जात होती, आणि एक ढग सुधारण्याच्या मोहाने मी पाण्याने भरलेला ब्रश तिथे टेकवला. वाळत आलेल्या रंगात ते पाणी शिरले आणि त्याने रंगाचे कण बाहेर ढकलून फुलकोबीसारखी दातेरी कड उमटवली. सगळ्यांनी चित्राचे कौतुक केले. एका ज्येष्ठ सभासदांनी मात्र त्या कडेवर बोट ठेवून एवढेच विचारले, “इथे हात का लावलास?” त्या दिवशीचे कौतुक मी विसरलो, पण चमक जात असताना ब्रश उचलायचा तो पाण्यात बुडवण्यासाठी नव्हे, खाली ठेवण्यासाठी, हे तेव्हापासून हाताला कळले. घरी एकट्याने सराव करताना हा प्रश्न विचारायला कोणी नसते. मंडळात राहण्याचे माझ्या मते हेच एक खरे कारण आहे. चहा आणि गप्पा ही वरकमाई.

प्रदर्शनाला चित्र जरूर द्या, पण एकच द्या. त्याशिवाय चित्रे टांगण्याच्या कामाला आपणहून उभे राहा. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा म्हणून फीत धरून दिवसभर इतरांची चित्रे वरखाली केली, की कोणते चित्र लांबून उभे राहते आणि कोणते जवळूनच बरे दिसते, हे आपोआप लक्षात येते.

प्रश्न : मंडळातील एका स्नेह्यांना मी भेट दिलेल्या जलरंगचित्रातील किरमिजी रंग दोन वर्षांत फिका पडला. माझे काय चुकले?

उत्तर : हात चुकला नाही, बहुधा रंग चुकला. अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा पारंपरिक किरमिजी रंग प्रकाशात टिकत नाही, विशेषतः पातळ लावल्यावर. ट्यूबवर पीआर ८३ (PR 83) हा रंगद्रव्याचा संकेत असेल तर तो हाच. भेट द्यायच्या चित्रासाठी त्याऐवजी क्विनाक्रिडोन या कृत्रिम रंगद्रव्यांच्या कुळातला टिकाऊ लाल घ्यावा. थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही : व्हॅन गॉग यांच्या १८९० मधील आयरिस फुलांच्या एका चित्राची पार्श्वभूमी मुळात गुलाबी होती, ती आज जवळजवळ पांढरी दिसते. घरातील सगळ्या ट्यूबांचे पट्टे एका कागदावर ओढा, प्रत्येक पट्ट्याचा अर्धा भाग काळ्या जाड कागदाने झाका आणि तो कागद उन्हाच्या खिडकीला चिकटवा. तीन-चार महिन्यांनी झाकण काढून पाहा. ज्या पट्ट्याच्या दोन अर्धांत फरक दिसेल, ती ट्यूब सरावाच्या डब्यात टाका.