मेजर झूलॉजी आहे, मग केमिस्ट्रीची बॅक राहिली तर चालते का?

वरचा प्रश्न एका मुलीचा आहे. (मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बॅक म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय.) हा एक प्रश्न विचारायला ती नागपुरातल्या मानेवाड्याहून तीनदा धरमपेठेत माझ्याकडे आली आणि तिसऱ्या वेळी कुठे तो तिच्या तोंडून निघाला. बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन, नीटसाठी एक-दोन वर्षं घालवून बीएस्सीला आलेल्या मुलांकडून हा प्रश्न मी दरवर्षी वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. म्हणून तिची आणि तिच्या बाबांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

पहिल्या भेटीला बोलले ते फक्त बाबा. बुटीबोरीला एका कंपनीत शिफ्ट करतात, त्या दिवशी रात्रपाळी करून तसेच आले होते. “मॅडम, दोन वर्षं ड्रॉप घेतला. नीट काही निघाली नाही. आता बीएस्सीला टाकली तर तिथंही मन नाही. दिवसभर खोलीतच राहते, कोणाशी बोलत नाही. आणि मला सांगा, बीएस्सी करून असं काय होऊन राहिलं कोणाचं?” मुलगी खाली बघत ओढणीचा कोपरा पिळत होती.

मी धरून चालले की हे नीटचं दुःख आहे. ते असतंच; नागपुरात ज्या घरात बारावीचं पोर आहे, त्या घरात मे महिन्यात ऊन आणि नीट हे दोनच विषय असतात. दुसऱ्या भेटीत ती एकटी आली, तेव्हाही मी तेच धरून बोलत राहिले. ती मान हलवत राहिली. निघताना मी सहज म्हटलं, “बेटा, पुढच्या वेळी तुझी मार्कशीट आण, आपण सोबत बघू.” तिचा चेहरा एकदम उतरला. तेव्हा मला कळलं की दोन तास मी भलतीकडेच खोदत होते.

तिसऱ्या वेळी मार्कशीट टेबलावर आली. हिवाळी परीक्षेत, पहिल्या सेमिस्टरला, केमिस्ट्रीत बॅक. घरी कोणालाच माहीत नव्हतं. ती रडली नाही, घाईघाईत बोलत सुटली: “मॅडम, मी गणित नको म्हणून बायो घेतलं. आता झूलॉजीत मेजर करीन. मेजर झूलॉजी आहे, मग केमिस्ट्रीची बॅक राहिली तरी चालते ना? आणि सिनियर म्हणतात पुढे बायोस्टॅटिस्टिक्स पण आहे. मला ते जमणारच नाही. मग मी डिग्री सोडूनच देऊ का?”

एवढ्याशा मुलीने डिग्री सोडण्यापर्यंत सगळं मनात ठरवून टाकलं होतं, आणि डिग्रीला नेमकं काय लागतं हे तिला एकानेही बसवून सांगितलं नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं. प्रवेशाच्या वेळी मुलांच्या हातात छापील आराखडा येतो. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किल, इंटर्नशिप असे पंधरा रकाने असतात. मुलं आपल्या विषयाचा रकाना बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात.

आम्ही तो कागद उघडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून मोजलेली एककं, लागतात. त्यातले मेजरचे किमान ६०. मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे, २४. उरलेल्या ३६ मध्ये दुसऱ्या शाखांचे विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि इंटर्नशिप. महाराष्ट्रात विद्यापीठागणिक ही वाटणी थोडी इकडेतिकडे होते, तीन वर्षांची बेरीज १२० ते १३२ च्या दरम्यान असते. म्हणजे मेजर झूलॉजी असलं तरी निम्मी डिग्री झूलॉजीच्या बाहेर आहे. तिला मी पेन दिला आणि म्हटलं, केमिस्ट्रीचे क्रेडिट वजा करून बघ, बेरीज पूर्ण होते का. तिने वजा केले आणि पेन खाली ठेवला.

तर उत्तर एवढंच: नाही, चालत नाही. पास झालेल्या विषयाचेच क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. बॅक राहिली की तेवढी जागा रिकामी राहते, आणि झूलॉजीत कितीही मार्क पडले तरी ते त्या जागेत भरता येत नाहीत. पण त्याच कागदावर दुसरी गोष्टही होती. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला तीन विषय सारख्या वजनाचे, केमिस्ट्री, बॉटनी आणि झूलॉजी, आणि मेजर ठरतं दुसऱ्या वर्षी. म्हणजे ज्या मेजरच्या आधारावर ती केमिस्ट्री सोडायला निघाली होती, ते मेजर अजून तिने घेतलेलंच नव्हतं. आणि एका विषयाच्या बॅकने वर्षही जाणार नव्हतं. उन्हाळी परीक्षेत तो पेपर पुन्हा देता येत होता.

हे ऐकून तिने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. मला वाटलं, आता घरी जाईल. पण तिने जे विचारलं ते मला आवडलं: “पण मॅडम, बायोलॉजीवाल्याला केमिस्ट्री लागतेच कशाला?”

मी स्वतः बॉटनीची. १९०६ साली सुरू झालेल्या, सिव्हिल लाइन्समधल्या विज्ञान संस्थेच्या जुन्या दगडी इमारतीसमोरून जाताना आजही माझी चाल मंदावते. त्यामुळे या प्रश्नाला मी घड्याळ बघत नाही.

मी तिला विचारलं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार माहीत आहे? विदर्भातल्या मुलीला हे विचारावंच लागत नाही. तिच्या मामाच्या गावी, चंद्रपूरकडे, एका मुलाला होता. थंडीत त्याचे सांधे इतके दुखायचे की तो शाळेत जाऊ शकत नसे. मग मी तिला सांगितलं की त्या मुलाच्या रक्तात काय बिघडलं हे सूक्ष्मदर्शकातून पूर्ण कळलं नाही. विळ्यासारखी वाकलेली पेशी दिसली, पण ती का वाकते ते दिसेना. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि सिकलसेलच्या माणसाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली, कारण त्यांच्यावरचा विद्युतभार वेगळा होता. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ. पुढे १९५७ मध्ये व्हर्नन इंग्राम यांनी दाखवलं की १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलीन आहे. एका जागी, एक बदल. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलीनला आवडत नाही. म्हणून ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात आणि पेशी वाकते. तुझ्या मामाच्या गावच्या पोराचे सांधे दुखतात त्याचं कारण त्या पहिल्या सेमिस्टरच्या केमिस्ट्रीत आहे, बेटा. विद्युतभार, पीएच, ध्रुवीय, अध्रुवीय, तोच धडा.

“आणि गणित?” ती म्हणाली.

गणितासाठी मी तिला दहावीच्याही मागे नेलं. कागदावर लिहिलं: (अ + ब)² बरोबर? तिने मराठी शाळेत घोकल्यासारखं एका दमात म्हटलं, “अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग.” मग मी म्हटलं, समजा एखाद्या वस्तीत सिकलसेलचं जनुक दहात एक आहे, म्हणजे ब ०.१ आणि अ ०.९. प्रत्येकाला एक जनुक आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून आता वर्ग कर. ०.८१, ०.१८, ०.०१. शंभरात एकाला आजार, आणि अठरा जण वाहक, जे दिसायला ठणठणीत असतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. हाच १९०८ चा हार्डी-वाइनबर्ग नियम, बायोलॉजीवाल्यांच्या अभ्यासक्रमातला. (लग्नं एकाच छोट्या समूहात होत राहतात तिथे हा हिशेब हलतो, आणि तो किती हलतो हे शोधायलाही पुन्हा सांख्यिकीच लागते.) १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यात गावोगावी तपासण्या होतात त्या शंभरातल्या एकाला हुडकायला, आणि त्याहून जास्त त्या अठरांना.

ती बराच वेळ ०.१८ या आकड्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही.

इतकं सगळं खरं, पण नुसत्या गोडीने पेपर निघत नाही. म्हणून मी तिला नीटचं स्कोअरकार्ड मागितलं. आश्चर्य म्हणजे तिन्ही विषयांत केमिस्ट्री वाईट नव्हती, पडली होती ती फिजिक्समध्ये. मग ज्या मुलीला नीटच्या ४५ प्रश्नांत केमिस्ट्री येते, तिला विद्यापीठाच्या पेपरात का येत नाही? मी तिला तिथेच एक प्रश्न दिला, बफर म्हणजे काय ते समजावून लिही, वेळ दहा मिनिटं. तिने साडेतीन ओळी लिहिल्या. सगळ्या बरोबर, पण साडेतीन. दोन वर्षं तिने ओएमआरवर गोल काळे केले होते. चारातलं चूक ते खोडायचं आणि बरोबर ते उचलायचं, हे तिला उत्तम जमत होतं. पण कोऱ्या कागदावर कारणापासून परिणामापर्यंत चालत जायचा हात मोडला होता. ड्रॉप घेतलेल्या मुलांमध्ये हे मी इतक्यांदा बघितलं आहे, की आता बॅकची मार्कशीट आली की विषय बघण्याआधी मी लिहायला लावते. पालकांनो, पहिल्या सेमिस्टरला बॅक लागली तर “डोकं नाही” म्हणण्याआधी पोरीला दहा मिनिटं लिहायला सांगा.

मग रोज एक उत्तर, हाताने, वेळ लावून. आठवड्याला एकदा ते कॉलेजच्या सरांना दाखवायचं. प्रॅक्टिकल एकही चुकवायचं नाही. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटमागे ३० तास असतात, थिअरीच्या मागे १५, त्यामुळे लॅब बुडवणाऱ्याचं नुकसान त्याला दिसतं त्याहून मोठं होतं. आणि बॅकचं घरी आजच सांगायचं. ही शेवटची अट तिला सगळ्यात जड गेली. मी म्हटलं, इथून फोन लाव. तिने लावला. पलीकडे बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “जेवली काय?”

बाबांचा प्रश्न मात्र मी टाळला नाही. बीएस्सीने काय होतं? पुढच्या भेटीत त्यांना सांगितलं की नुसत्या बीएस्सीवर लगेच मोठा पगार मिळतो असं मी म्हणणार नाही. पण याच शहरात नेहरू मार्गावर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला संत्र्या-मोसंब्यावर काम करणारी केंद्रीय संस्था आहे. तिथल्या पाण्यावर, बोंडअळीवर, झाडांच्या रोगांवर काम करणारी कितीतरी माणसं एके काळी बीएस्सीच्याच बाकावर बसलेली. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स, आणि चार वर्षांनंतर एमएस्सी एका वर्षाची. तीन करायची की चार, हे आज ठरवायची गरज नाही. आज ठरवायचं ते मायनर, कारण बायोकेमिस्ट्रीसारख्या एमएस्सीला अनेक ठिकाणी पदवीला केमिस्ट्री असावीच लागते. पुढे जिथे जायचं आहे तिथली अट आधी वाचायची आणि मग मागे येत विषय निवडायचे. बहुतेक घरांत हे उलटं होतं.

ज्यांची मुलं अजून बारावीत आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य: आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्नांपैकी १५ गणिताचे असतात आणि आत गेल्यावर पहिल्या वर्षी बायोलॉजीवाल्यालाही गणित शिकावं लागतं, तेव्हा “बायो घेतलं, गणित सुटलं” हे अकरावीतच मनातून काढलेलं बरं.

उन्हाळी परीक्षेत तिची केमिस्ट्री निघाली. मार्क साधारणच. दुसऱ्या वर्षाला तिने झूलॉजी मेजर घेतलं आणि मायनर केमिस्ट्री. मी असते तर कदाचित बॉटनी सुचवली असती, पण तिने मला विचारलं नाही, ठरवून आली.

त्यानंतर एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. मला वाटलं फीचं काही असेल. ते म्हणाले, “मॅडम, पोरीनं घरी तो अठराचा हिशेब दाखवला. तिच्या मामाकडं आता लग्न जमून राहिलं. पोराची आणि पोरीची, दोघांची तपासणी आधीच करून घ्यावी म्हणते ती. सरकारी दवाखान्यात होते ना?”

होते, मी म्हटलं. फुकट होते.

“मग तिलाच सोबत पाठवतो,” ते म्हणाले. “तिला समजावता येते.”