वाचकांचे प्रश्न : दाणे भरायला सोपं फीडर

प्रश्न : आमच्या अंगणात कडुनिंब आहे, त्याला लेकानं ऑनलाइन मागवलेलं बर्ड फीडर टांगलंय. चिमण्या येतात, होले येतात, घरात सगळ्यांना त्याचं वेड लागलंय. पण ते भरायचं काम सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतःकडं घेतलंय आणि वय पंच्याहत्तरच्या पुढं. रोज स्टुलावर चढतात, कितीही सांगा, ऐकत नाहीत. त्यात ते फीडर काढून, उलटं करून भरावं लागतं, परत लावताना निम्मी ज्वारी खाली. स्टूल लागणार नाही आणि सांडणार पण नाही असं काही घरच्या घरी बनवता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, आधी ते स्टूल उचलून आत ठेवा, नवीन फीडर होईपर्यंत लेकाला भरू द्या. आणि अण्णांचं काम मात्र काढून घेऊ नका, पद्धत बदलली की ते आरामात करतील.

बाजारातली बरीचशी फीडरं दिसायला छान असतात पण ती रोज कोण भरणार, त्याचा हात कुठवर पोचतो, गुडघे दुखतात का, हा विचारच त्यात नसतो. मग दोन महिने हौसेनं भरलं जातं आणि मे महिन्यात, पारा ४२ च्या वर गेलेला असतो तेव्हा, रिकामं फीडर झाडाला लोंबकळत असतं. म्हणून मी तर म्हणेन की आधी भरणाऱ्याच्या हाताची सोय बघायची, पक्ष्यांची सोय करणं त्यामानानं सोपं आहे.

तुमच्या दोन अडचणी आहेत, उंची आणि उलटं करणं, दोन्हीला वेगळा उपाय आहे. उंचीसाठी कप्पी. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे जे वर-खाली होणारे दांडे असतात ना, त्याची छोटी कप्पी हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. ती फांदीला पक्की बांधायची (हे काम लेकाचं, एकदाच), त्यातून ४-५ मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉन दोरी घ्यायची, एका टोकाला फीडर, दुसरं टोक खोडाला किंवा भिंतीला हुक ठोकून त्याला गुंडाळायचं. आडात पोहरा सोडतो तसं फीडर खाली सोडायचं, भरायचं, वर ओढायचं. दोरीला एक मोठी गाठ अशी मारून ठेवा की फीडर अण्णांच्या छातीएवढं खाली आलं की गाठ कप्पीला अडकेल आणि ते तिथंच थांबेल, म्हणजे हातातून दोरी निसटली तरी फीडर जमिनीवर आपटणार नाही. सुती दोरी नको, पावसात कुजते. आणि बारीक मांजासारखा दोरा तर अजिबात नको, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

एक लक्षात घ्या, अशा एका कप्पीनं वजन कमी होत नाही, फक्त वर उचलण्याऐवजी खाली ओढायचं असतं म्हणून सोपं जातं. त्यामुळं बरणी २ लिटरपेक्षा मोठी घेऊ नका. तेवढ्यात साधारण दीड किलो ज्वारी बसते, अण्णांच्या हाताला तेवढं पुरे.

आता उलटं करायची भानगड. त्यासाठी बाटली नको, रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या, ती ताटलीत सरळ उभी ठेवायची आणि वरून भरायची. पारदर्शक यासाठी की दाणा किती उरलाय ते खालूनच दिसतं, उगाच रोज उतरवायची गरज नाही. बरणीच्या तळाशी, अगदी बुडाला लागून, चारी बाजूंना छोट्या खिडक्या कापायच्या, २ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच. या खिडक्यांमुळंच सगळं चालतं. ज्वारी बाहेर येते, ताटलीत उतार धरते आणि उताराचा वरचा भाग खिडकीच्या वरच्या कडेला टेकला की आपोआप थांबते. चिमणीनं चार दाणे उचलले की मागचे तेवढेच घसरून पुढं येतात. खिडकी फार उंच कापली तर सगळी ज्वारी ताटलीभर होऊन खाली सांडते, फार बारीक कापली तर कचरा अडकून बंद पडते. बाजरी किंवा राळा टाकणार असाल तर १ सेंटिमीटर उंची बास. आणि काहीही असो, चाळूनच टाका, बोंड्या आणि काड्या नेमक्या तिथंच अडकतात.

ताटली बरणीपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठी हवी, काठ इंचभर उंच. तिला पाणी जायला भोकं पाडा पण ती ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक, २-३ मिलिमीटरच्या आत, म्हणजे पाणी जाईल आणि दाणा राहील. प्लास्टिकची ताटली असेल तर खिळा तापवून काम होतं.

बांधणी अशी. दोरी ताटलीच्या मधल्या भोकातून घेऊन खाली मोठा वॉशर आणि दुहेरी गाठ, मग ती बरणीच्या बुडातून वर काढायची, बरणीच्या आत तळाला एक भोक पाडलेली वाटी उपडी ठेवायची आणि दोरी तिच्यातूनच वर न्यायची. ही उपडी वाटी बरेच जण टाळतात, टाळू नका. ती नसेल तर मधली ज्वारी खिडकीपर्यंत कधी येतच नाही, वरून नवीन पडत राहते आणि तळाची महिनोन्‌महिने तिथंच बसून बुरशी धरते. वाटी असली की दाणा तिच्या उतारावरून कडेला जातो.

बरणीच्या वर झाकण म्हणून ताटलीपेक्षा मोठं प्लास्टिकचं ताट, मधोमध भोक पाडून त्याच दोरीत ओवलेलं. हेच छप्पर आणि हेच झाकण. ते दोरीवर वर-खाली सरकतं, म्हणजे भरताना काहीच सोडायचं-काढायचं नाही. आणि एक कपडे वाळवायचा चिमटा घ्या, जरा दणकट बघून. एरवी तो छपराच्या वर दोरीला घट्ट लावायचा म्हणजे उन्हाळ्यातल्या वावटळीत छप्पर उडत नाही. भरायच्या वेळी छप्पर वीतभर वर सरकवायचं आणि तोच चिमटा छपराच्या खाली लावायचा, छप्पर तिथं टेकून राहतं आणि अण्णांचे दोन्ही हात मोकळे, एका हातानं बरणी धरायची, दुसऱ्यानं मग्यानं ज्वारी ओतायची.

बसायला दांडी म्हणून तुराटीचे तुकडे खिडक्यांसमोर ताटलीच्या काठाला बांधा, आपल्याकडं तुरी काढल्या की हव्या तेवढ्या मिळतात, खरबरीत असल्यानं पक्ष्यांच्या पायाला पकड येते आणि खराब झाल्या की बदलायच्या, खर्च काही नाही.

टांगताना जमिनीपासून सहा-सात फूट वर आणि खोडापासून जमेल तेवढं लांब, मांजर खोडावरून झेप घेते. सावलीत असू द्या, उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात मात्र बरणी भरू नका, दोन दिवस पुरेल एवढंच टाका, कारण ओली ज्वारी आधी मोड धरते मग बुरशी, आणि बुरशीचा दाणा पक्ष्यांना विषासारखा आहे. ओली झाली की टाकून द्या, वाळवून परत भरू नका. पंधरा दिवसांतून एकदा सगळं गरम पाण्यानं धुवून, कडक वाळवून मगच भरा.

प्रश्न : मी फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. चिमण्यांसाठी फीडर लावलं पण पारवेच सगळं खातात, खालच्या गॅलरीत घाण होते, शेजारी भांडायला येतात. काय करू?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, शेजाऱ्यांची तक्रार बरोबर आहे, पारव्यांची घाण खरंच त्रासाची असते. पारव्याला बसायला सपाट जागा लागते, ती काढून घ्या. फीडरभोवती ४-५ सेंटिमीटर घरांची वेल्डेड जाळी पिंजऱ्यासारखी गुंडाळा, चिमणी आरामात आत जाते (तिच्या घरट्याच्या पेटीचं भोक फक्त ३२ मिलिमीटरचं ठेवतात), पारवा जात नाही. जाळी ताटलीपासून चांगली वीतभर लांब हवी, नाहीतर तो मान घालून खातो. जाळीची कापलेली टोकं आत राहू देऊ नका, पकडीनं बाहेर वाकवा. आणि कठड्यावर दाणे टाकणं आजपासून बंद, एका मुठीसाठी पन्नास पारवे जमतात. खाली सांडू नये म्हणून जाळीच्या तळाला दुसरं मोठं ताट अडकवा, रोज संध्याकाळी झटकून घ्या. खिडकीची काच जवळ असेल तर फीडर काचेपासून तीन फुटांच्या आतच टांगा, तेवढ्या अंतरात पक्ष्याला वेग येत नाही त्यामुळं धडकला तरी जोरात लागत नाही.

प्रश्न : फीडरमध्ये शिळा भात, फरसाण, ब्रेड टाकलं तर चालतं का? पिल्लांसाठी काय ठेवावं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : फरसाण नको, मीठ आणि तेल पक्ष्यांना सोसत नाही. ब्रेडनं नुसतं पोट भरतं, हाती काही लागत नाही. भात बिनमिठाचा, थोडा आणि त्याच दिवशी संपेल एवढाच, उन्हात तासाभरात आंबतो. ज्वारी, बाजरी, राळा, तांदळाची कणी हे सगळ्यात चांगलं. पिल्लांना चिमणी अळ्या-किडेच भरवते, ते फीडरमधून देता येत नाही, त्यासाठी अंगणात मेंदी, लिंबू, कडीपत्ता असं काही असू द्या आणि त्यावर औषध फवारू नका. सोबत पाणी ठेवा, उथळ मातीच्या परळात, दीड-दोन इंच खोल, मध्ये एक खरबरीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.