नवीन इंडी गाणी आणि जवळपासचे छोटे शो वेळेवर कसे कळतात?

तुम्ही लिहिलंय की आवडत्या बँडचा शो तुमच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर झाला आणि तुम्हाला ते कळलं दुसऱ्या दिवशी, लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघून. मग विचारलंय की नवीन इंडी गाणी (मोठ्या कंपन्यांशिवाय, स्वतंत्रपणे निघणारी) कुठे शोधायची, येणाऱ्या शोंची खबर आधी कशी लागते आणि सोबतीला कोणी नसेल तर एकट्याने जावं का.

हे वरातीमागून घोडं माझ्याही वाट्याला बरेचदा आलंय. नंतर साधारण दोन वर्षं मी जेमतेम दीडशे माणसं मावतील अशा एका जागेत शोच्या रात्री दारावर बसायचो. तिकिटं बघायची, मनगटावर शिक्का मारायचा, गेस्ट लिस्टमधली नावं खोडायची आणि ‘मी ड्रमरचा मित्र आहे’ म्हणणाऱ्यांशी हुज्जत घालायची. मानधन नावापुरतं होतं, पण आत फुकट. तिथे बसून एक गोष्ट लक्षात आली. वेळेवर येणारे, नवीन बँड सगळ्यांच्या आधी ऐकणारे लोक बँडच्या मागे नसतात. शो जिथे होतात त्या जागांवर ते नजर ठेवून असतात.

कारण साधं आहे. बँड वीस-बावीस शहरांचं एकच पोस्टर टाकतो. त्यात तुमचं शहर बारीक अक्षरात सतराव्या ओळीवर असतं आणि ती पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेल की नाही हे अल्गोरिदमच्या मर्जीवर. जागा चालवणाऱ्याला मात्र एकच चिंता असते, येत्या मंगळवारी खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत. तो ओरडून ओरडून सांगत असतो. म्हणून आधी एवढं करा: तुम्ही जाऊ शकाल अशा अंतरावरच्या, तीन-चारशे माणसांच्या आतल्या सगळ्या जागांची यादी काढा. ती फार मोठी निघणार नाही. प्रत्येकीच्या ईमेल न्यूजलेटरला नाव नोंदवा. ईमेल जुनाट वाटेल, पण ते सोशल मीडियाच्या अल्गोरिदमच्या मर्जीवर नसतं. आठवड्यातून एक वार ठरवून त्यांचं कॅलेंडर चाळा. मी गुरुवारी रात्री चाळतो, दहा मिनिटं लागतात.

कॅलेंडर वाचण्याचीही एक खुबी आहे. मधल्या वारांकडे जास्त लक्ष द्या. टूरवरचा बँड शुक्रवार-शनिवार मोठ्या शहराला देतो आणि एका मोठ्या शहरातून दुसऱ्याकडे जाताना वाटेत जे सोमवार, मंगळवार, बुधवार मोकळे राहतात, ते छोट्या जागांना मिळतात. आमच्याकडचे सगळ्यात चांगले शो मंगळवारी झाले आणि तिथे कधी कधी चाळीसच माणसं होती. कॅलेंडरवर मोकळी दिसणारी तारीख प्रत्यक्षात मोकळी असतेच असं नाही. तिच्यावर कुणाचा तरी ‘होल्ड’ असतो, म्हणजे बँडच्या एजंटने तारीख तोंडी धरून ठेवलेली असते. एकाच तारखेवर पहिला होल्ड, दुसरा होल्ड असे दोन-तीनही असतात. मागच्याला तारीख नक्की करायची असली की पहिल्याला विचारलं जातं: घेताय की सोडताय? त्यामुळे आठवडाभर काहीच नसलेल्या पानावर एका दिवसात तीन शो उगवतात.

काही शो मुद्दाम उशिरा जाहीर होतात. मोठ्या फेस्टिव्हलशी करार करताना बऱ्याच बँडना अट घातलेली असते की फेस्टिव्हलच्या आधी-नंतर अमुक काळ, अमुक अंतराच्या आत दुसरा शो करायचा नाही, निदान जाहीर तरी करायचा नाही. या अटीला ‘रेडियस क्लॉज’ म्हणतात. म्हणून जवळपास फेस्टिव्हल असेल तर तो संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरं रोज बघा. पोस्टरवर ‘स्पेशल गेस्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर नाव अजून ठरलेलं नसतं किंवा या अटीमुळे सांगता येत नसतं. दुसरी शक्यता असली की मजा येते.

बँड्सइनटाउन आणि साँगकिक ही अ‍ॅप्स ठेवायला हरकत नाही. तुम्ही काय ऐकता ते पाहून ती शोची सूचना पाठवतात. पण मुळात ती बँडच्या नावावर चालतात. जो बँड तुम्ही अजून ऐकलाच नाही त्याची सूचना तुम्हाला कशी येणार? शिवाय कुणीतरी माहिती भरली तरच शो तिथे दिसतो, आणि अगदी छोट्या शोच्या बाबतीत ती भरायला कुणाला वेळ नसतो. साँगकिकमध्ये पूर्ण शहराची यादी बघता येते, ती वापरा. सोफार साउंड्सचा प्रकारही एकदा बघण्यासारखा आहे. २००९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेले हे छोटेखानी शो आता अनेक शहरांत होतात. पत्ता आदल्या दिवशी कळतो, कोण गाणार ते तिथे गेल्यावर. माहिती आधी मिळवण्याचा प्रश्नच निकालात.

आता नवीन गाण्यांकडे. ‘इंडी’ हा शब्द आज गिटार घेतलेल्या हळव्या मुलांसाठी वापरला जातो, पण मुळात तो इंडिपेंडंटचा तुकडा आहे आणि त्याचा संबंध पैशाशी होता, सुरावटीशी नव्हे. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये इंडी चार्ट सुरू झाला तेव्हा कसोटी एकच होती: रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून विकली गेली पाहिजे. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस काइली मिनोगची चकचकीत पॉप गाणीही त्या चार्टवर होती, कारण तिचं लेबल, म्हणजे तिच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी, स्वतंत्र वितरणातून माल विकत होतं. मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्यात: युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. हे सांगायचं कारण, फक्त ‘इंडी’ नावाची प्लेलिस्ट लावून बसलात तर एकाच चवीचं ऐकत राहाल. स्वतंत्रपणे निघणाऱ्या संगीतात मेटल आहे, जॅझ आहे, हिपहॉप आहे, नुसत्या घरघर आवाजांचे चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडेसुद्धा आहेत. (ते मला झेपत नाहीत. आमचा साउंडवाला मात्र डोळे मिटून ऐकायचा.)

नवीन गाणी शुक्रवारी येतात. पूर्वी देशादेशांत वार वेगळा असायचा, ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार. १० जुलै २०१५ पासून शुक्रवार हा जगभरचा एकच वार झाला. स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ यादी म्हणूनच शुक्रवारी बदलते. तुम्ही फॉलो केलेल्या कलाकाराचं नवीन गाणं त्या यादीत नक्की यावं यासाठी कलाकाराला ते निदान सात दिवस आधी स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवावं लागतं. एकट्याने सगळं सांभाळणाऱ्या माणसाकडून हे चुकतंच. मिक्स रात्री दोनला पूर्ण होतो आणि गाणं दोन दिवसांनी बाहेर. मग ते तुमच्या रडारवर येईलच असं नाही आणि तुम्हाला वाटतं की त्याने वर्षभर काहीच केलं नाही.

म्हणून बँडकॅम्पवर खातं काढा. २००८ पासूनची ही साइट अजूनही दुकानासारखी चालते: गाणं ऐका, आवडलं तर विकत घ्या, फाइल तुमची. डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा साइट ठेवते, आणि मार्च २०२० मध्ये कोव्हिडच्या काळात सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प फ्रायडे’च्या ठरावीक शुक्रवारी तोही सोडते. त्या दिवसासाठी बरेच कलाकार डेमो, लाइव्ह रेकॉर्डिंग असं इतर वेळी न दाखवलेलं काही बाहेर काढतात. साइटची मालकी २०२२ मध्ये व्हिडिओ गेमवाल्या एपिक गेम्सकडे आणि २०२३ मध्ये संगीताचे परवाने देणाऱ्या साँगट्रेडरकडे गेली, बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा धास्ती वाटली होती. पण माझ्या उपयोगाच्या दोन गोष्टी शाबूत आहेत. एक, कलाकाराला किंवा लेबलला फॉलो केलं की नवीन रिलीज झाल्याची ईमेल येते. दुसरी त्याहून कामाची: प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो दिसतात. एखादा अनोळखी अल्बम तुम्हाला आवडला आणि तो फार थोड्या लोकांनी घेतला असेल, तर त्यातल्या कुणाच्या तरी फोटोवर टिचकी मारा आणि त्याचा संग्रह बघा. अशा एका अनोळखी माणसाच्या संग्रहातून मला जेवढं चांगलं संगीत मिळालंय, तेवढं कुठल्याच प्लेलिस्टने दिलेलं नाही. त्याला माझा पत्ताही नाही.

लेबलांनाही फॉलो करा. छोटं लेबल म्हणजे बहुतेकदा एक-दोन माणसांची आवड असते. त्यांचे तीन बँड आवडले तर चौथा न ऐकताच आवडण्याची शक्यता बरीच.

स्पॉटिफाय बंद करा असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. एवढं माहीत असू द्या की २०२४ पासून तिथे ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम मिळाले नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे दिले जात नाहीत. तुम्ही ज्यांना चाळीस माणसांत ऐकणार आहात त्यांची बरीच गाणी या रेषेखाली असतात.

आता रिलीज आणि शो यांचा सांधा, जो मला फार उशिरा कळला. अल्बम एकदम पडत नाही. आधी साधारण चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन सिंगल, म्हणजे एकेकटी गाणी, येतात, मग अल्बम, आणि टूर बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या सिंगलच्या सुमारास जाहीर होते. म्हणजे वर्षभर गप्प असलेल्या बँडचं एकटं गाणं आलं की ती शोचीच नांदी समजा आणि पुढचे दोन-तीन महिने कॅलेंडरवर डोळा ठेवा. उलट दिशेनेही हे चालतं. कॅलेंडरवर अनोळखी नाव दिसलं की बँडकॅम्पवर जाऊन दोन गाणी ऐका. मी गुरुवारी रात्री हेच करतो. दहापैकी सात नावं पहिल्या मिनिटात बाद होतात, दोन ठीक असतात, एखादं असं निघतं की मी लगेच तिकीट काढतो.

तिकीट लगेच काढा, हे खरंच सांगतो. छोट्या शोला तिकिटं संपणार नाहीत म्हणून लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात, आणि आठवडाभर आधी पंधराच तिकिटं गेलेली बघून आयोजक शो रद्द करतो. माझ्यासमोर दोनदा झालंय. दोन्ही वेळा दारात येऊन हळहळणारी माणसं तिकिटं घेणाऱ्यांपेक्षा जास्त होती.

सुरुवातीला वाजवणारा बँड चुकवू नका. पोस्टरवर नाव सगळ्यात बारीक त्याचं असतं आणि लोक तेवढा वेळ बाहेर उभे राहतात. माझ्या आजच्या आवडत्या पाचांपैकी तीन मी असे ऐकले, दारावर ड्यूटी होती म्हणून, नाइलाजाने. काही जागांत दारावर विचारतात, ‘कुणासाठी आलात?’ तो गप्पांचा विषय नसतो. मी उत्तरासमोर रेघ ओढायचो आणि काही रात्री त्या रेघांवर कुठल्या बँडला तिकिटांतला किती वाटा जायचा ते ठरायचं. ‘सगळ्यांसाठी’ असं उत्तर दिलंत की तुमची रेघ कुणालाच मिळत नाही. एखादं नाव घ्या, मन मोठं असेल तर सुरुवातीच्या बँडचं. आणि शो संपल्यावर बँडच्या टेबलावर जा. तिथे कॅसेट किंवा टी-शर्ट विकणारा माणूस बऱ्याचदा तोच असतो जो दहा मिनिटांपूर्वी गात होता. त्याला विचारा, ‘तुम्ही सध्या कुणाला ऐकताय?’ मिळालेली नावं लिहून घ्या, कारण घरी जाईपर्यंत नक्की विसराल.

कानात घालायचे इअरप्लग न्या. संगीतासाठीचे मिळतात, त्यांनी आवाज मंद होतो पण गढूळ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. कामाच्या ठिकाणी कानांसाठी लावले जाणारे कडक निकष बघितले तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटांतच दिवसाचा कोटा संपतो. आमच्या त्या जागेत स्पीकर डोक्यापासून चार हातांवर होते. मी पहिलं वर्ष काहीच न लावता बसलो आणि आता शांत खोलीत डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते.

राहिला एकट्याने जाण्याचा प्रश्न. जा. गर्दीतली बरीच माणसं एकटीच आलेली असतात, दारावर बसलं की हे दिसतं. सोबत माणूस असला की मधल्या शांत गाण्यात त्याला काहीतरी बोलायचं असतं. एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओच्या, ऑफिसातल्या टेबलापाशी होणाऱ्या ‘टायनी डेस्क’ मैफलींचा जन्मच या वैतागातून झाला: गायिका लॉरा गिब्सन एका बारमध्ये गात होती, गोंगाटात काही ऐकू येईना, तेव्हा ऐकायला आलेला एनपीआरचा एकजण तिला गमतीने म्हणाला की आमच्या ऑफिसच्या टेबलापाशी येऊन गा. २००८ मध्ये ती खरंच गेली. एकटे असाल तर साउंडवाल्याचा मिक्सर जिथे असतो त्याच्या जरा पुढे, मधोमध उभे राहा. आवाज तिथूनच जुळवलेला असतो, त्यामुळे सगळ्यात चांगला तिथेच ऐकू येतो. आणि साउंडवाल्याच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवू नका, तो खूप ओरडतो.