होडी ओढताना गिअरबॉक्स का तापतो?

प्रश्न : आम्ही मानेवाड्यात राहतो. सात सीटची डिझेल ऑटोमॅटिक गाडी आहे. ट्रेलर जोडून सोळा फुटी फायबरची मोटरबोट रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेतो. गेल्या मे महिन्यात बोट बाहेर काढताना चाकं फिरेनात, तीनदा जोर लावावा लागला. परतताना कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या सिग्नलला गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला, जळकट वासही आला. आता पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना हलका झटका बसतो. गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागत नाही, असं मला सांगितलं गेलं. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दिवा सिग्नलला लागला, पण तेल खिंडसीच्या काठावरच जळायला लागलं होतं.

तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिनाकडची पाती तेल फेकतात, त्या माऱ्याने गिअरकडची पाती फिरतात. गाडीने वेग घेतला की आतला लॉकअप क्लच दोघांना जखडतो आणि तेलाची घुसळण थांबते. चाकं जागची हलत नाहीत आणि पाय ॲक्सिलरेटरवर आहे, अशा वेळी मात्र इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. हायवेवर लॉकअप लागलेला असताना तासाभरात तापणार नाही एवढं तेल तिथे मिनिटभरात तापतं. ८०-९० अंशांवर ते सुखाने राहतं. त्यापुढे दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे.

आधी तेल बघून घ्या. पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. गुलाबी डाग सारखा पसरला तर नशीब चांगलं. मधे तपकिरी ठिपका राहिला, करपलेल्या फोडणीसारखा वास आला आणि बोटाला काळी बारीक कणी लागली, तर ती क्लचच्या अस्तराची कणी आहे. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडला की त्यातलं चुंबकही बघायला सांगा. त्यावर राखाडी लेप असणं साधारण आहे, चमकणारे लोखंडी तुकडे नसावेत. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी ठरावीक तापमानालाच तपासतात, म्हणून हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

‘तेल बदलावं लागत नाही’ हे साध्या वापरासाठी असतं. गाडीच्या पुस्तकात खडतर वापराचं वेगळं पान आहे का बघा, ट्रेलर ओढणं त्यातच मोडतं. अशा गाड्यांचं तेल मी ४०,००० किलोमीटरला बदलतो. पॅनमधून एका वेळी जेमतेम निम्मं तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मधे थोडी गाडी चालवून दोन-तीनदा काढा-भरा. ग्रेड पुस्तकात लिहिलेलाच घ्या, ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून मिळणारं तेल घेऊ नका. झटका तरीही राहिला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

मग जादा ऑइल कूलर बसवा. रेडिएटरमधून थंड होऊन येणारं तेल त्यातून फिरवून परत पाठवायचं. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते, आणि सिग्नलला उभ्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून पंख्यासकटच घ्या. एक गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून सलते. काही वर्षांपूर्वी मी एक गिअरबॉक्स नव्या क्लचने बांधून दिला, पण जुना कूलर धुतला नाही. त्यात अडकलेली घाण तेलाबरोबर परत आत गेली आणि महिन्याभरात नवे क्लच जळून गाडी परत आली. दुसऱ्यांदा बांधून दिला तो माझ्या खर्चाने. तुमचं अस्तर जळालं असेल तर कूलर धुतल्याशिवाय नवं तेल भरू देऊ नका.

आता काठावरचं. फोर बाय फोर असेल तर लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा जादा ताकदीचा गिअर, टाका, कन्व्हर्टरवरचा ताण बराच उतरतो. शेवाळावर चाक घसरलं की लगेच पाय काढा, टायरखाली गोणपाट टाका आणि मगच पुन्हा जोर लावा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर कधीच धरून ठेवू नका. उतारावर थांबताना ब्रेक दाबून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय हळू सोडून वजन हँडब्रेकवर येऊ द्या आणि त्यानंतर ‘पी’ लावा. ‘पी’मध्ये गाडी एका छोट्या लोखंडी खुंटीवर अडकते. गाडी, ट्रेलर आणि बोट यांचं मिळून वजन तिच्यावर टाकायचं नाही. चाकामागे दगड हवाच.

हायवेवर गिअर सारखा वर-खाली होत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली धरा. दिवा पुन्हा लागलाच, तर बाजूला थांबा, पण इंजिन बंद करू नका. पंप इंजिनावर चालतो, तेल फिरत राहिलं तरच थंड होईल.

एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने बदलणाऱ्या) गाडीवाल्या वाचकांनो, तुमच्याकडे कन्व्हर्टर नाही, साधी कोरडी क्लच प्लेट आहे. बोट ओढायला ती गाडी काढूच नका.

आणि बोट काठावर आली की तळाचं बूच काढून पाणी पूर्ण गळू द्या. आत शंभर लिटर राहिलं तर शंभर किलो ओझं मनसरपासून मानेवाड्यापर्यंत तुमचा गिअरबॉक्सच ओढतो.